पालकांना आधी दोषमुक्त कर

अनेक आशीर्वाद.

पालकांसाठी मानसिक आरोग्याचा कार्यक्रम सुरू करायचं तू मनावर घेतलंस याचा मला फार आनंद झाला. पाठवलेला आराखडा बारकाईने वाचला. नैराश्याची लक्षणं, चिंता कशी ओळखावी, किशोरवयातले बदल, मोबाइलचा अतिवापर आणि शेवटी प्रश्नोत्तरं. विषय नेमके निवडले आहेस. तरीही मला वाटतं, हा कार्यक्रम असाच घेतलास तर पहिल्या दिवशी सभागृह भरेल, पुढच्या खेपेला गर्दी ओसरेल आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे तेच आई-वडील परत फिरकणार नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पालक येत नाहीत ते माहिती नको म्हणून नव्हे. माहिती ते रात्री-अपरात्री फोनवर शोधतच असतात. त्यांना भीती असते ती आपल्यावर खापर फुटण्याची. ही भीती त्यांच्या मनाचे खेळ आहेत असं समजू नकोस, तिच्यामागे मोठा इतिहास आहे. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे वास्तवाचं भान हरवणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा, संबंध आईच्या वागण्याशी जोडला. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयांना थंड, मायेचा ओलावा नसलेल्या ठरवण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षं चालली. बालमानसशास्त्रावर लिहिणाऱ्या ब्रूनो बेटलहाइम यांनी ती लोकप्रिय केली. पिढ्यान्‌पिढ्या आया दवाखान्यातून गुन्हेगारासारख्या मान खाली घालून बाहेर पडल्या. या समजाला 1964 मध्ये पुराव्यानिशी तडा दिला तो बर्नार्ड रिमलंड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. पुढे मॅडिसन या अमेरिकी शहरात हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आया भेटल्या. दोघींच्याही मुलांना स्किझोफ्रेनिया होता. त्या भेटीतून उभी राहिलेली चळवळ 1979 मध्ये ‘नामी’ या नावाने, मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबांची संघटना म्हणून, देशभर पसरली. हे तुला एवढ्यासाठी सांगते आहे की पालकांच्या आधाराचं काम पालकांनीच सुरू केलं. आपण तज्ज्ञ मंडळी त्यात उशिरा सामील झालो.

आता यातला खरा पेच. दोष नाही म्हणायचं, पण घरातल्या वागण्याचा परिणाम होतो हेही खरं आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या मनोरुग्णांचा अभ्यास केला होता. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा जिवाची अति घालमेल असे, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हीच गोष्ट एखाद्या पालकाला ‘तुमच्यामुळे मूल बिघडलं’ अशी ऐकू येऊ शकते. तुझ्या कार्यक्रमाचं यशापयश या एका जागी ठरेल. आजार का झाला आणि आता काय केल्याने बरं वाटेल, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. ते पालकांच्या मनात वेगळे करून देणं हे तुझं पहिलं काम.

एका गटात एक वडील होते. सगळा वेळ दाराजवळच्या खुर्चीवर, हाताची घडी घालून. चहाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, ‘लहानपणी मी त्याला फार मारलंय. त्यामुळेच झालं का हे?’ अशा वेळी ‘छे छे, तसं काही नसतं’ म्हणणं सोपं असतं, पण ते खोटं आश्वासन झालं आणि ते त्यांना कळतं. ‘हो’ म्हणणं तर क्रूरपणा, शिवाय तेही खरं नाही. मी म्हटलं, ‘अशा आजाराला एकच एक कारण नसतं. आनुवंशिकता असते, मेंदूतले बदल असतात, आजूबाजूची परिस्थिती असते. मारण्याने मूल दुखावतं हे खरं, ते आजपासून थांबवा. आणि आज त्याच्याशी काय बोलायचं, ते आपण ठरवू.’ त्यांनी मान डोलावली आणि सुट्टीनंतर खुर्ची पुढे ओढून घेतली. यापुढची कुठलीही माहिती अशा माणसाच्या डोक्यात शिरते. त्याआधीची सगळी वरून वाहून जाते.

म्हणून व्याख्येने सुरुवात करू नकोस. पहिल्या भेटीत पालकांना बोलू दे. ‘गेल्या आठवड्यात घरात सर्वांत अवघड क्षण कोणता होता?’ एवढा एक प्रश्न पुरे. ज्याला बोलायचं नाही त्याला नुसतं बसू दे, त्याच्यावर डोळे रोखू नकोस. नोंदणीच्या अर्जावर मुलाच्या आजाराचं नाव विचारू नकोस. तुझ्या आराखड्यात तो रकाना आहे, तो काढून टाक. फलकावर ‘समस्याग्रस्त मुलांचे पालक’ असे शब्द चुकूनही नकोत. आजी-आजोबा, काका-मावशी, जो कोणी मुलाला सांभाळतो त्या प्रत्येकाला दार उघडं ठेव. सोबतच्या लहान मुलांना खेळवायला कुणीतरी असलं पाहिजे, नाहीतर एकट्या आया येऊच शकणार नाहीत.

दुसरी गोष्ट, सांगण्यापेक्षा करून घेण्यावर भर दे. मुलगी म्हणते, ‘मला काहीच करावंसं वाटत नाही.’ आईच्या तोंडून पटकन निघतं, ‘तुला काय कमी आहे?’ या वाक्यात वाईट हेतू नसतो, ती आई घाबरलेली असते. पण मुलीचं बोलणं तिथेच खुंटतं. दोघा-दोघांच्या जोड्या कर. एक जण मूल होईल, दुसरा पालक. ‘कधीपासून असं वाटतंय गं?’ एवढंच विचारायचं आणि मग गप्प राहायचं. ही शांतता पालकांना असह्य होते. हात चुळबुळतात, उपदेश ओठांवर येतो. तिथेच तू त्यांच्या जवळ बसून राहा. पुन्हा करायला सांग. तासभर आकृत्या दाखवून जे साधत नाही ते इथे साधतं. विकासात मागे पडणाऱ्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जो कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रम आखला आहे, त्यात नऊ गटसत्रं आहेत आणि शिवाय तीन गृहभेटी. त्या गृहभेटींकडे नीट लक्ष दे. सभागृहात जमलेलं घरच्या गोंगाटात जमतंच असं नाही, हे ज्यांनी तो आखला त्यांना ठाऊक होतं.

आत्महत्येचा विषय तू शेवटच्या सत्रात ठेवला आहेस. तो दुसऱ्या भेटीतच आण, कारण शेवटच्या सत्रापर्यंत सगळे टिकतीलच याची खात्री नाही. पालकांना वाटतं, विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं आपणच घालू. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न विचारल्याने मुलांचा ताण किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचं त्यात आढळलं नाही. तेव्हा स्पष्ट विचारायला शिकव, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ उत्तर ‘हो’ आलं तर रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यायची. घरातली औषधं, कीटकनाशकं, इजा करता येईल अशा वस्तू कुलूपबंद करायला सांग. टोकाची उबळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. तातडीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता छापून प्रत्येकाच्या हातात दे. आधी स्वतः तो क्रमांक लावून पाहा, उचलतात की नाही.

आता ज्याबद्दल तुझ्या आराखड्यात एक ओळही नाही ते: पालकांचं स्वतःचं मन. तू त्यांच्याकडे मुलापर्यंत पोहोचण्याचा रस्ता म्हणून बघते आहेस. पण तुझ्यासमोर बसलेल्यांतल्या काही जणांना रात्र-रात्र झोप लागत नसेल, कुणाला स्वतःलाच नैराश्य असेल. 2008 मध्ये पाकिस्तानच्या ग्रामीण भागातल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिफ रहमान यांच्या गटाने घरोघर फिरणाऱ्या साध्या आरोग्य सेविकांना शिकवून नैराश्य असलेल्या गरोदर बायकांशी, आणि बाळंतपणानंतरही त्यांच्याशी, बोलायला लावलं. विचार कसे अडकतात, ते कसे सोडवायचे, बाळाशी कसं खेळायचं, एवढंच. बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा त्या बायकांमध्ये नैराश्याचं प्रमाण 23 टक्के होतं. ज्यांच्याकडे सेविका येत होत्या पण ही पद्धत वापरत नव्हत्या, त्यांच्यात ते 53 टक्के होतं. या सेविका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. मात्र त्यांच्या पाठीशी नियमित देखरेख होती, आणि ही गोष्ट लोक विसरतात. तुझ्या स्वयंसेवकांना दर महिन्याला एखाद्या अनुभवी समुपदेशकासमोर बसायला मिळालं पाहिजे. ते जमत नसेल तर गट कमी घे.

वडिलांनाही विसरू नकोस. बाळाच्या जन्माच्या आगेमागे दहातल्या साधारण एका वडिलांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसतात, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे, पण विचारतं कोण? त्यांना बोलवायचं तर निमंत्रण त्यांच्या नावाने जाऊ दे आणि वेळ त्यांच्या कामाच्या तासांबाहेरची ठेव.

एक सावधगिरी. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी 1987 पासून दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली वापरतात. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ती तुला पालकांमध्ये वाटायची आहे असं लिहिलं आहेस. उत्तरं त्याच दिवशी कोण वाचणार, आणि दहाव्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर त्या बाईजवळ कोण थांबणार, हे ठरलेलं नसेल तर कागद वाटू नकोस. दुःख विचारून घ्यायचं आणि कपाटात ठेवायचं, हे आपल्याला शोभत नाही.

सत्रं संपल्यावर काय, याचा विचार आतापासून कर. नामीच्या कुटुंबांसाठीच्या आठ सत्रांच्या अभ्यासक्रमात शिकवणारे स्वतः त्याच वाटेने गेलेले नातेवाईक असतात. तुझ्या पहिल्या तुकडीतून तू असे दोन-तीन पालक हेरू शकतेस. जो सर्वांत जास्त बोलतो तो निवडू नकोस. ज्याची जखम अजून ओली आहे त्याच्यावर तर हा भार मुळीच टाकू नकोस. जो दुसऱ्याचं ऐकताना स्वतःची गोष्ट मध्ये आणत नाही, तो पाहा. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी गट भरला पाहिजे, चारच माणसं आली तरी. गटात ऐकलेलं गटाबाहेर जाणार नाही हा नियम प्रत्येक वेळी मोठ्याने सांग. त्याला अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका असणं, आणि तोही आधीच सांगून ठेव. निदान कुणी करायचं नाही, औषधं बदलण्याचा सल्ला कुणी द्यायचा नाही.

आणि अहवालात किती लोक आले याच्या शेजारी आणखी एक रकाना घाल: आपण ज्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं त्यांतले किती खरोखर तिथे पोहोचले. फोन करून विचार. जे पोहोचले नाहीत त्यांना कारण विचार. लांब अंतर, खर्च, नवऱ्याचा किंवा सासूचा विरोध, दाराशी झालेला अपमान, काहीही असेल. पुढच्या तुकडीचा आराखडा त्या कारणांवरून तयार होईल.

नवा आराखडा झाला की पाठव. सोबत तीन गोष्टी हव्यात: सुधारलेला नोंदणी अर्ज, ज्यांच्याकडे पालकांना पाठवणार त्या तज्ज्ञांची यादी, आणि पहिल्या सत्रात तुझ्याबरोबर कोण असेल त्याचं नाव. एकटीने पहिलं सत्र घेऊ नकोस. एखादी आई रडत बाहेर गेली तर तिच्यामागे जायला एक माणूस लागतं आणि खोलीत थांबायला दुसरं.

कळावे.