व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना ६४-बिटचा पर्यायच दिसत नाही, काय करू?

दोष बहुधा व्हर्च्युअलबॉक्सचा नाही. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासी संगणक चालवण्याची प्रोसेसरची सोय, चालू करा. इंटेलवर ते व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम नावाने सापडेल. फोंड्यात माझ्या भाच्याने आयएसओ (उबुंटूची इन्स्टॉल करायची फाईल) खराब आहे समजून ती दोनदा उतरवली, तीही मोबाईल डेटावर!

या आभासी मशीनला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क द्या. लॅपटॉपची रॅम एकूण ८ जीबी असेल तर त्याहून जास्त नको, विंडोज रडायला लागेल. इन्स्टॉलर 'डिस्क पुसू का' विचारतो तेव्हा बिनधास्त हो म्हणा, ती डिस्क म्हणजे विंडोजवरची एक फाईल असते. शेवटी उबुंटूच्या आत गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर) टाका, नाहीतर स्क्रीन चिमुकलीच राहते. आणि हो, पावसाळ्यात बॅटरी भरूनच बसा. आपल्याकडे वीज सांगून जात नाही.