पोळंच म्हणा

विमानाच्या भागांत वापरतात त्या ‘हनीकोंब सँडविच’ला मराठीत काय म्हणावं, मधुकोश की मोहोळ, असं एका वाचकाने विचारलं आहे.

पोळं म्हणावं. पण त्याआधी बातम्यांतून कानावर आदळणारा ‘पोळ्यासारखा मिश्रधातू’ बंद करा! मिश्रधातू म्हणजे वितळवून एकजीव केलेला धातू: पितळ, कासं. इथे एकजीव काहीच होत नाही. दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला षट्कोनी कप्प्यांचा गाभा. वाकताना ताण आणि दाब पत्रे घेतात. गाभा त्यांना एकमेकांपासून लांब धरतो आणि कातरबल, म्हणजे पत्र्यांना एकमेकांवरून सरकवू पाहणारं बल, सोसतो. प्रत्येक घटक आपापल्या जागी शाबूत असतो, म्हणून हे संमिश्र. ‘सच्छिद्र’ हाही घोटाळाच. कप्पे दोन्ही बाजूंनी झाकलेले असतात, आणि छिद्र पडून पाणी आत गेलंच तर उंचावर ते गोठून पत्रा गाभ्यापासून सुटू लागतो. सँडविच मात्र राहू द्या. ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या उमरावाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

मोहोळातला ‘मोह’ मधूचाच (मधु, प्राकृतात महु), पण मोहोळ म्हटलं की माशा आल्याच. आग्या मोहोळ उठतं, पोळं उठत नाही.

आणि पोळं हा शब्द किती नेमका आहे पाहा. पोळी चपटी, तसं हे चपटं, म्हणून पोळीवरून पोळं, असं सांगणारे भेटतात. चपटेपणा ही काय पोळ्याची ओळख झाली? पोळं ओळखायचं ते त्याच्या रिकाम्या घरांवरून. प्राकृतात ‘पोल्ल’ म्हणजे पोकळ. हिंदीत पोला, गुजरातीत पोलुं. माझ्या मते आपलं पोळं याच घराण्यातलं. यावर व्याकरणवाले लगेच नियम काढतात: जोड ‘ल्ल’चा मराठीत ‘ल’ होतो (फुल्ल, फूल), ‘ळ’ होतो तो सुट्या ‘ल’चा (फल, फळ). नियम मान्य. पण बोलीत ‘पोल्ल’च्या शेजारी सुट्या ‘ल’चं रूप नांदतच नव्हतं, हे कशावरून? अर्थ इतका चपखल बसत असताना एका जोडाक्षरासाठी तो सोडून पोळीमागे धावणं मला पटत नाही.

गाभ्याची घनताच बघा ना. ॲल्युमिनियमच्या पोळ्याचा नेहमीचा गाभा घनमीटरला साधारण 50 किलो भरतो, अखंड ॲल्युमिनियम 2700 किलो. म्हणजे जेमतेम 2 टक्के धातू, बाकी पोकळी. आणि ही पोकळी फुकट जात नाही: दोन पत्रे नुसते एकमेकांना चिकटवण्याऐवजी मध्ये गाभा घालून एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठपणा सुमारे 7 पट होतो आणि वजन वाढतं अवघं 3 टक्के.

मधुकोशातला ‘कोश’ म्हणजे साठा, तेव्हा तो शब्द भरलेल्या घरांनाच शोभतो. अपोलो यानाच्या उष्णतारोधक कवचात काचतंतूंच्या पोळ्याचा एकेक कप्पा कामगारांनी हाताने, मध भरावा तसा, ॲव्हकोट नावाच्या द्रव्याने भरला होता. त्याला खुशाल मधुकोश म्हणा.