‘डॉजी’ म्हणजे लबाडीचं की नुसतं बेभरवशाचं?

तुमच्या अहवालावर ब्रिटिश साहेबांनी ‘आकडे जरा डॉजी दिसताहेत’ असा शेरा मारला आणि हा लबाडीचा आरोप आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही; पण तुमची शंका अगदी रास्त आहे.

‘डॉज’ म्हणजे हुलकावणी देणं. त्यावरून ‘डॉजी’ आला तो लबाड, निसटता माणूस या अर्थाने. पुढे ज्याच्यावर विसंबता येत नाही अशा कशालाही तो लागू लागला. ऐनवेळी दगा देणारा गुडघा डॉजी, खाल्लं तर पोट बिघडेल असं वाटणारं चिकन डॉजी, ठिणग्या उडणारं वायरिंगही डॉजी. यात कुणाच्या हेतूवर बोट नाही. माणूस, सौदा किंवा हिशेब डॉजी म्हटला, की मात्र ‘इथे पाणी मुरतंय’ असाच सूर असतो.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र येऊ शकतात. ब्रिटिश सरकारने २००३च्या सुरुवातीला इराकवर एक अहवाल पत्रकारांना दिला. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ५ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्याची वाखाणणीही केली. लगेच उघड झालं, की त्यातला मोठा भाग इब्राहिम अल-मराशी या अभ्यासकाच्या लेखातून, त्यांचा उल्लेखही न करता, मूळच्या चुकांसकट उचललेला होता. शिवाय ‘विरोधी गट’ असं होतं तिथे ‘दहशतवादी संघटना’ असा बदल केलेला! त्या अहवालाला ‘डॉजी डोसियर’ (डोसियर म्हणजे माहितीची फाइल) हे नाव चिकटलं ते कायमचं. मजकूर बेभरवशाचा, आणि तो तयार करण्याची रीतही अप्रामाणिक.

तुमच्या शेऱ्यात मात्र रोख आकड्यांवर आहे, ते कुणी कसे तयार केले यावर नाही. ‘जरा’ आणि ‘दिसताहेत’ यांमुळे धारही बोथट झाली आहे. बेरीज जुळत नसेल किंवा एखादा आकडा अवाच्या सवा वाटला असेल, तरी ब्रिटिश माणूस सहज असं लिहून जातो. (अमेरिकन साहेब असता तर बहुधा ‘इफी’, म्हणजे खात्री न वाटणारे, म्हणाला असता.) म्हणून खुलासे देत बसू नका. ‘कोणता आकडा खटकतोय ते कळवा, मूळ नोंदी पाठवून देईन’, एवढंच उत्तर पुरे.

तुम्ही स्वतः मात्र हा शब्द माणसासाठी किंवा त्याच्या हिशेबासाठी लेखी वापरू नका. तिथे ‘जरा’ लावूनही आरोप सौम्य होत नाही.