सेंट लुशियात एकच उंची जेवण करायचं असेल तर कुठे जावं?

लग्नाच्या वाढदिवसाला सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर निघाला आहात, मुक्काम उत्तरेला रॉडनी बे भागात आहे, बायको शाकाहारी आहे आणि एक जेवण हात आखडता न घेता करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर: बेटाच्या नैर्ऋत्येच्या सूफ्रिएर गावाला जा, आणि दुपारी जा.

रॉडनी बेहून रस्ता डोंगरातून, वळणावळणाचा. दीड तास धरून चला. इथे वर्षभर सहा-साडेसहाला अंधार पडतो. रात्री पोहोचलात तर ज्या देखाव्याचे पैसे मोजता तो दिसणारच नाही. लडेरा रिसॉर्टमधलं डॅशीन हे रेस्टॉरंट डोंगराच्या धारेवर आहे. समुद्राकडच्या बाजूला भिंतच नाही, समोर ग्रो पितों आणि पती पितों हे दोन सुळके. 2004 पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत.

आता मागवायचं काय? माझा आग्रह आहे, स्टेक अजिबात नको. ते बोटीतून आलेलं मांस, कुठल्याही मोठ्या शहरात मिळतं. या मातीतलं मागवा. डॅशीन म्हणजे आपला अळू. त्याच्या पानांचं कॅलालू सूप आपल्या फदफद्याच्या नात्यातलं वाटतं, पण चिंच-गूळ नाही. नारळाचं दूध, लसूण आणि स्कॉच बॉनेट मिरची. ही मिरची अख्खीच सोडतात, फुटू देत नाहीत, त्यामुळे सुवास उतरतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. बायकोसाठी मात्र आधी विचारून घ्या, कारण कॅलालूत खेकडा किंवा खारवलेलं मांस घालायची पद्धत आहे. नीरफणस दिसला तर सोडू नका. 1793 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने ताहितीहून त्याची रोपं शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला आणली, मळ्यांवरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. तोच आज महागड्या ताटात मानाने बसतो, याचं मला फार अप्रूप आहे.

दुसरा पर्याय राबो इस्टेट. हा जुना कोकोचा मळा 2006 मध्ये हॉटेल शोकोला या ब्रिटिश चॉकलेट कंपनीने घेतला. तिथे कोको नुसता गोडात नाही, तर मासे, सॅलड, सॉस यांतही येतो. भाजलेल्या कोकोच्या दाण्यांची किंचित कडवट चव माशाबरोबर छान लागते.

तुम्ही स्वतः लॉब्स्टर खाणार असाल तर साधारण मार्च ते जुलै पकडबंदी असते, त्या काळात ताज्याची अपेक्षा नको. भाव ईस्टर्न कॅरिबियन डॉलरमध्ये आहेत की अमेरिकन, ते मेनूवर नीट बघा. एका अमेरिकन डॉलरला 2.70 हा दर 1976 पासून ठरलेला आहे. बिलात बहुधा दहा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं. हॉटेलात राहत नसाल तर टेबल आधीच राखून ठेवा, आणि राखतानाच कठड्यालगतचं मागा.