रोख २,८०० की बिलावर ३,०००?

नाशिकमध्ये लग्नाच्या शूटवर तुम्ही असिस्टंट म्हणून जाता. यंदा एका स्टुडिओचं ४० दिवसांचं काम ठरतंय. स्टुडिओ प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि मालक म्हणतात: बिल नको असेल तर रोज २,८०० रोख, बिल दिलंत तर ३,००० आणि त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. हातात २,७०० पडणार म्हणून तुमचा ओढा रोखीकडे आहे.

माझं स्पष्ट मत आहे, बिल द्या. कापलेला टीडीएस तुमच्याच पॅनवर जमा होतो. १,२०,००० मधून १२,००० कापले जातील, पण तुमचं वर्षाचं सगळं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास आहे आणि नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. रिटर्न भरलं की ते परत मिळतील. रोखीत मात्र १,१२,००० वरच गाडी थांबते, आणि रोख मिळाली तरी ते उत्पन्न दाखवावं लागतंच. पुढच्या वर्षी कॅमेऱ्यासाठी कर्ज काढायचं म्हणताय ना? बँक आधी रिटर्न मागेल.

पैसे उशिरा मिळतील ही भीती मात्र खरी आहे. लग्नसराई संपली की फोन उचलले जात नाहीत, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच करा. आधार आणि पॅनवर होते, फुकट. मग लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं स्टुडिओला कायद्याने बंधनकारक ठरतं. उशीर झाला तर व्याजही मागता येतं.

बिल एका पानाचं पुरे. नंबर, तारीख, पॅन, बँक खातं, उद्यम क्रमांक. पण कामाच्या ओळी सुट्या लिहा: हळद अमुक तारखेला, लग्न अमुक तारखेला, वरातीत रात्री दोनपर्यंत थांबलात तर ओव्हरटाइम वेगळा, गाडीभाडं वेगळं. ‘शूटचे पैसे’ अशी एकच ओळ लिहिली की घासाघीस सुरू होते. जीएसटी लावू नका. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर तो घेताच येत नाही.

गेल्या सीझनचे अडकलेले १८,००० विसरू नका. त्या तारखांचं बिल आता बनवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलावण्याचे मेसेज जोडा आणि नवं काम सुरू करण्याआधी पाठवा.