सर्व्हर दोन, पण एसपीएफ एकच

अरे, ऑफिसचा मेल एका सर्व्हरवरून आणि बिलं दुसऱ्यावरून जातात म्हणून तू एसपीएफच्या (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्या यादीच्या) दोन नोंदी टाकल्यास, तिथेच घोळ झाला. एका डोमेनला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, एसपीएफची टीएक्सटी (मजकुराची) नोंद एकच हवी. दोन दिसल्या की तपासणीच चुकीची ठरते, दोन्ही बाद. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद अडत्याकडे मीही हाच पराक्रम केला होता. ऐन सौद्यांच्या दिवसांत बिलं सगळ्यांच्या स्पॅममध्ये!

दोन्ही सर्व्हर एकाच ओळीत बसव: स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता 'आयपी४'ने, बाहेरची सेवा 'इन्क्लूड'ने, म्हणजे त्या सेवेची यादी आपल्या यादीला जोडून. इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड निघतात, आणि डीएनएसच्या विचारणा १० च्या वर गेल्या की सगळंच फसतं. आयपी४ त्यात मोजत नाहीत, म्हणून जमेल तिथे तोच घाल.

डीकिमचं, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीचं, उलट. प्रत्येक सर्व्हरला वेगळा सिलेक्टर (किल्लीचं नाव), वेगळी किल्ली, कितीही चालतात.

डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आधी 'नन'वर (काही करू नका, फक्त कळवा) ठेव आणि दोनेक आठवडे रिपोर्ट वाच. कोपऱ्यातला मेल पाठवणारा स्कॅनर, वेबसाइटचा चौकशी फॉर्म, असली विसरलेली मंडळी तिथेच सापडतात. मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका). थेट 'रिजेक्ट' (मेल नाकारा) लावलंस तर पहिला फोन मालकाचाच येईल.