वाचकांचे प्रश्न : निनावी कात्रण आणि नावानिशी छापलेली बातमी

प्रश्न : आमचे वडील चाळीस वर्षे वर्तमानपत्र वाचत आले, परंतु ‘सगळे विकले गेले आहेत’ असे म्हणून त्यांनी अलीकडे अंक बंद केला. गेल्या महिन्यात केळीचे भाव कोसळणार, अशा बातमीचे कात्रण व्हॉट्सॲपवर आले आणि त्यांनी घाईने बाग व्यापाऱ्याला दिली. कात्रण बनावट निघाले. ते सोबत पाठवत आहे. वर्तमानपत्र पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरावा काय?
— एक वाचक, ता. रावेर

उत्तर : आपल्या वडिलांचा राग निराधार नाही. २००९च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातमीच्या रूपात प्रचार छापला गेला आणि भारतीय प्रेस कौन्सिलला ‘पेड न्यूज’ची चौकशी करावी लागली. चूक पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात, हेही वाचकांनी पाहिले आहे. तरीही अंकावर संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे असतात, आणि संपादकाने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. मोबाइलवर आलेल्या कात्रणाला कोणी धनीच नसतो. नावानिशी छापलेल्या अंकावर अविश्वास दाखवणाऱ्या वडिलांनी निनावी कात्रण मात्र खरे मानले, याची मला अधिक काळजी वाटते.

ते कात्रण मी नीट पाहिले. वर एका दैनिकाचे नाव आहे, पण तारीख आणि आवृत्ती नाही; ‘वार्ताहर’ असे लिहिले आहे, पण गाव नाही; दोन ओळींचा टाइप उरलेल्या मजकुराहून वेगळा आहे; आणि भाव कोणत्या बाजार समितीचा, याचा कुठेच उल्लेख नाही. बऱ्हाणपूरचा त्या दिवसाचा भाव एका फोनवर कळला असता.

नुकसान पैशांपुरतेच राहते असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच खान्देशात, साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर कराचीतील जनजागृतीच्या चित्रफितीतून कापलेला होता. मूळ फितीत मोटारसायकलवरचे लोक मूल परत आणून सोडतात, नेमका तोच भाग काढून टाकलेला होता. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पण पाठवण्याआधी थांबायचे काम शेवटी आपलेच उरते.

म्हणून अंक जरूर सुरू करावा, आणि शक्य असेल तर महत्त्वाची बातमी गावच्या वाचनालयात दुसऱ्या दैनिकाशी ताडून पाहावी. वडिलांना उपदेश करू नये; ते कात्रण आणि त्या दैनिकाचा खरा अंक त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवावा. चाळीस वर्षांच्या वाचकाला फरक आपल्याआधी दिसेल. तसेच ज्या दैनिकाचे नाव वापरले गेले आहे, त्याच्या जळगाव कार्यालयाला कात्रण पाठवून ठळक खुलाशाची मागणी करावी. त्याच कात्रणावरून बाग देण्याच्या तयारीत असलेले शेतकरी आपल्या शिवारात अजूनही असतील.